मुंबई लोकल : बाहेरगावच्या पर्यटकाच्या दृष्टीने

मुंबई महानगरातील उपनगरी रेल्वेसेवेचे रूढ नाव ‘लोकल’. पश्चिम, मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर हे तिचे मुख्य मार्ग असून नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंतचा फाटाही आता तिला जोडला गेला आहे. दररोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या आणि ७० लाखांहून अधिक प्रवासी एवढा तिचा पसारा आहे. पर्यटकाने लोकलपासून दूर राहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुख्यतः विमानाने येऊन दक्षिण मुंबईतील हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याला डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. पण बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. तिथून मलकापूर स्थानकावर येऊन, रात्रीची गाडी धरून, सुमारे ५०० किमी अंतर काटून मुलाबाळांसह मुंबई पाहायला येणारे कुटुंबही पर्यटकच असते. त्याच्या खिशाला दिवसभराची टॅक्सी परवडत नाही, आणि त्याच्यासाठी लिहिलेले मार्गदर्शन सहसा कुठे सापडत नाही. अशा पर्यटकासाठी लोकल हेच मुंबईतील मुख्य आणि योग्य वाहन आहे. तिच्याविषयीची भीती बहुतांशी वेळ आणि दिशा यांच्या अज्ञानातून येते, आणि हे अज्ञान थोडक्या माहितीने दूर होऊ शकते.

याचे पहिले कारण शहराच्या घडणीत आहे. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे ३४ किमीची पहिली गाडी धावली, तेव्हा शहर किल्ल्याच्या आसपासच एकवटलेले होते. पुढची वस्ती रुळांच्या मागोमाग वाढत गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी सुरू झाली आणि दूर राहून रोज कामाला येणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. दादर, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, ठाणे या वस्त्या आज स्थानकांच्या नावांनीच ओळखल्या जातात; पत्ता सांगतानाही ‘ईस्ट’ की ‘वेस्ट’ हे रुळांवरूनच ठरते. त्यामुळे मुंबईत रेल्वे सोडून रस्त्याने हिंडायचे म्हणजे ज्या आधारावर हे शहर उभे राहिले, तोच बाजूला ठेवायचा. चर्चगेट ते बोरिवली हे ३४ किमीचे अंतर जलद लोकल तासाभरात कापते. संध्याकाळी मोटारीला त्याच अंतरासाठी किती वेळ लागेल, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

लोकलची रचना समजायला सोपी आहे, पण तिचा स्वभाव इतर मोठ्या शहरांच्या रेल्वेहून वेगळा आहे. तोक्योची यामानोते रेल्वे हे सुमारे ३४.५ किमीचे वर्तुळ आहे. तेही १९२५ मध्येच पूर्ण झाले. तिथे चुकीच्या दिशेच्या गाडीत बसलेला परका माणूस उशिरा का होईना, हव्या त्या स्थानकावर पोहोचतो. मुंबईत तसे नाही. रूळ सरळ रेषेत जातात आणि चुकीची गाडी माणसाला विरार, कसारा किंवा कर्जतकडे घेऊन जाते. म्हणून गाडीत पाय ठेवण्यापूर्वी फलाटावरचा इंडिकेटर वाचणे ही इथली पहिली शिस्त. त्यावर शेवटचे स्थानक, गाडी धीमी की जलद, डबे किती आणि किती मिनिटांत येणार, एवढे दिसते. जलद गाडी मधली अनेक स्थानके सोडते. नवख्याने शक्यतो धीमी घ्यावी. ती थोडी उशिरा पोहोचवते, पण प्रत्येक स्थानकावर थांबते, आणि चूक लक्षात आली तर पुढच्याच स्थानकावर उतरता येते. बोरिवलीला जायचे असेल तर संध्याकाळी विरारची गाडी धरू नये, बोरिवलीचीच धरावी. विरारच्या गाडीतल्या लोंढ्यातून मध्येच उतरणे रोजच्या प्रवाशालाही जड जाते.

दिशेइतकेच महत्त्व वेळेला आहे. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळात गर्दी दक्षिणेकडे, चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे वाहते. संध्याकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत ती उत्तरेकडे परतते. पर्यटकाला हजेरी गाठायची नसते, म्हणून त्याने या प्रवाहाच्या उलट फिरावे. सकाळी दक्षिण मुंबईतून बोरिवलीला जाऊन कान्हेरीची लेणी पाहावीत आणि दुपारी चारच्या आत परतावे. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, लोअर परळ, नवी मुंबई इथे कार्यालये गेल्यापासून उलट दिशेच्या गाड्याही रिकाम्या नसतात, हा आक्षेप खरा आहे. ठाणे-वाशी मार्गावर तर दोन्हीकडे गर्दी असते. तरीही उभे राहायला जागा मिळणे आणि लोंबकळणे यांतला फरक मोठा आहे, आणि लहान मूल बरोबर असलेल्यासाठी तोच निर्णायक ठरतो. रविवारी कार्यालयीन गर्दी नसते, पण दुरुस्तीसाठी दिवसा मेगाब्लॉक घेतला जातो आणि गाड्या वळवल्या किंवा रद्द केल्या जातात. तो कुठे आहे हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

लोकलमुळे पर्यटकाची मुंबईच बदलते. टॅक्सी आणि सहलीच्या बसगाड्या साधारणपणे गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, फार तर जुहू इथे संपतात. लोकल मात्र भायखळ्याला उतरवते, आणि तिथून राणीची बाग व १८७२ मध्ये खुले झालेले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेले संग्रहालय चालत गाठता येते. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले. वसईत चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकलेला किल्ला आहे. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची. शहराचा खरा विस्तार आणि कोकणाचा जुना इतिहास दाखवणारी ही ठिकाणे एकाच रेल्वेजाळ्यावर आहेत, आणि दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटन तिकीटही मिळते. ते घेतले की प्रत्येक वेळी रांगेत उभे राहावे लागत नाही. खुद्द छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचली. २००४ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. गाडी गाठण्याच्या घाईत तिच्याखालून निघून जाऊ नये. बाहेर येऊन, रस्ता ओलांडून, ती पूर्ण पाहावी.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलका करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भर गर्दीच्या वेळी प्रवासी गाडीबाहेर पडून मृत्युमुखी पडले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, आताचे प्रभादेवी, स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. ही रोजच्या प्रवाशाने मोजलेली किंमत आहे. ती कमी करणे हे शासनाचे आणि रेल्वेचे कर्तव्य आहे, प्रवाशाच्या सोशिकपणाचे कौतुक करून ते टळत नाही. मात्र मृत्यूंतील सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडण्याचा असतो, आणि दारातून पडण्याचे अपघात मुख्यतः गर्दीच्या वेळी होतात. पूल वापरणारा, गर्दीची वेळ टाळणारा आणि दारात उभा न राहणारा पर्यटक या दोन्ही धोक्यांपासून बराच दूर राहतो. पूर्ण बंद दारे हवी असतील तर २५ डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल आहे. तिचे भाडे बरेच जास्त आणि फेऱ्या कमी. महिलांसाठी वेगळे डबे आहेत. पण कुटुंबाने ताटातूट करून चढण्यापेक्षा दुपारच्या गाडीत साध्या डब्यात एकत्र बसणे बरे. उतरायचे स्थानक आधीच ठरवून ठेवलेले असले, तर चुकून कोणी मागे राहिले तरी शोधाशोध होत नाही.

मेट्रो आल्यावर लोकलची गरज उरली नाही, हा दुसरा आक्षेप. पहिली मेट्रो वर्सोवा-घाटकोपर मार्गावर ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. आरे ते कफ परेड ही ३३.५ किमीची भुयारी तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिने विमानतळ, सिद्धिविनायक, दादर, चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस एका माळेत आणले, ही पाहुण्यासाठी मोठीच सोय आहे. सिद्धिविनायकाला जायचे तर आता मेट्रोच सरस. पण वसई, अंबरनाथ, नेरळ इथे ती जात नाही, आणि तिचे भाडे लोकलच्या कितीतरी पट आहे. चौघांच्या कुटुंबाला हा फरक दिवसाच्या जेवणाइतका पडू शकतो. या दोन्ही सेवा एकमेकींना पूरक आहेत, एवढेच इथे म्हणता येते.

आधीच कोंबलेल्या गाडीत हौशी प्रवाशांची भर कशाला, असा तिसरा आक्षेप मुंबईकरच घेतात. गर्दीच्या वेळेपुरता तो पूर्ण मान्य करावा. त्यापलीकडे मात्र लोकल सार्वजनिक पैशातून उभी आहे आणि ती मुंबईकरांइतकीच रोहिणखेडकरांचीही आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी लाखो अनुयायी दादरच्या चैत्यभूमीवर येतात. त्यांतले अनेक विदर्भ आणि मराठवाड्यातून आलेले असतात, कित्येकजण शहर पहिल्यांदाच पाहत असतात, आणि हा अफाट जनसमुदाय लोकलनेही ये-जा करतो. परका माणूस या व्यवस्थेत सामावतो, मात्र त्याला दिशा दाखवणारे फलक आणि माणसे लागतात, हे त्यातून दिसते. दादरमध्ये पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना पूर्वी स्वतंत्रपणे क्रमांक दिलेले असत. एकच क्रमांक दोनदा येई आणि नवखा गोंधळे. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग केले गेले. एवढ्या साध्या बदलाला इतकी वर्षे लागली, यावरून बाहेरगावच्या प्रवाशाचा विचार किती उशिरा होतो ते कळते.

मलकापूरहून रात्री निघणाऱ्या गाड्या सकाळी मुंबईच्या वेशीवर येतात. कल्याण, ठाणे आणि दादर या तिन्ही ठिकाणी लोकल बदलता येते, पण कल्याणला आठच्या सुमारास सामानासह उतरून दक्षिणेची लोकल धरणे ही नवख्याची सर्वांत त्रासाची चूक. लांबच्या गाडीतच बसून दादरला किंवा शेवटच्या स्थानकावर उतरावे. पश्चिम उपनगरांत जायचे असेल तर दादरला पूल ओलांडून उत्तरेची गाडी घ्यावी. त्या वेळी तिला गर्दी कमी असते. लोकलचे तिकीट वेगळे काढावे लागते. दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन चुकून पहिल्या वर्गाच्या डब्यात चढल्यास भाड्यातील फरकाखेरीज किमान २५० रुपये दंड होतो, म्हणून डब्यावरील खुणा पाहूनच चढावे. परतताना विदर्भाकडच्या गाड्या संध्याकाळी सुटतात, नेमक्या गर्दीच्या वेळी. त्या दादर किंवा ठाण्याला गाठण्याऐवजी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरच धराव्यात. संध्याकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सामान ठेवायला जागा मिळते, आणि टर्मिनसवर गाडी सुटण्याच्या आधी फलाटावर लागलेली असल्याने मुलांना आणि म्हाताऱ्यांना सावकाश चढवता येते.