फवारणीचा धडा कोणी कोणाला सांगायचा?

१९५८ साली केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभरावर माणसं दगावली. मालवाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक गळून पिठात मिसळलं होतं. त्यानंतरच्या चौकशीतून १९६८चा कीटकनाशक कायदा आला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६९मध्ये, अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि तारापूरचं अणुवीज केंद्रही त्याच महिन्यात रीतसर कामाला लागलं. एका धोक्याला आपण भीत आलो; दुसरा कृषी केंद्रातून उधारीवर घरी आणत राहिलो. खरं तर त्या कायद्याच्या २६व्या कलमात मोठी सोय आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार अधिसूचनेने करू शकतं. करायची की नाही, हे मात्र सरकारच्या मर्जीवर.

२०१७च्या पावसाळ्यात याची किंमत वऱ्हाडाने मोजली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. अकोला-अमरावतीतूनही विषबाधेच्या बातम्या आल्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस झाली. हे औषध काही अनोळखी नव्हतं. २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली, ती याच विषाने.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, हातमोजे नाहीत, मास्क नाही, दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवली, मग दोष कोणाचा? निष्काळजीपणा होता, नाही असं नाही. पण छातीच्या वर गेलेल्या दाट पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याच्या तोंडावरच बारीक तुषार येतात. अंगभर प्लॅस्टिक चढवून तो किती वेळ तग धरेल? अमेरिकेत थ्री माइल आयलंडची अणुभट्टी २८ मार्च १९७९ला अंशतः वितळली, तेव्हाही आधी बोट दाखवलं गेलं ते कामगारांकडेच. मग उघड झालं की दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर १९७७मध्ये, डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात, थ्री माइल आयलंडला अडकली तशीच, झडप उघडी अडकली होती आणि तिथल्या माणसांचीही तशीच फसगत झाली होती. ती हकीकत थ्री माइल आयलंडच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोचलीच नाही. १९७९च्याच अखेरीस तिथल्या अणुवीज कंपन्यांनी असे अनुभव एकमेकांना कळवण्यासाठी संस्था काढली. चेर्नोबिलनंतर, १९८९मध्ये, ‘वानो’ ही जागतिक संघटना आली. (संस्था निघाल्या म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. १९९३मध्ये आपल्याकडे नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. तशा पात्यांबद्दलचा इशारा आधीच येऊन गेला होता, असं अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी नोंदवलं आहे.)

फवारणीचे अनुभवही असेच एकमेकांना कळवावेत म्हटलं, तर अणुवीज हा मूठभर केंद्रांचा कारभार, लाखो शेतांची नोंद कोण ठेवणार, ही शंका जास्त वजनदार आहे. पण नोंद शेतात ठेवायचीच नाही. विषबाधा झालेला माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो. तिथे औषधाचं नाव, कशात काय मिसळलं, पंप कोणता, पीक किती उंच, एवढं लिहून त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि अकोल्याच्या विद्यापीठाकडे धाडणं सक्तीचं असतं, तर पहिल्या रुग्णांवरून शेजारच्या तालुक्याला पुढच्या फवारणीआधी सावध करता आलं असतं. २०१७मध्ये राज्याने काही कीटकनाशकांवर बंदी घातली ती नोव्हेंबरात, साठ दिवसांची. तोवर वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू झाली होती.