अडतं ते वाटेवर: माउंटन बायकिंगचा दुसरा इतिहास

आजचा भाग सायकलींवर आहे, पण रस्त्यावरच्या नाही, डोंगरातल्या. आणि त्यातही अशा लोकांबद्दल, ज्यांचे पाय काम करत नाहीत किंवा ज्यांना दिसत नाही, तरीही ते डोंगरात सायकल चालवतात. ‘हे जमतं का?’ या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळालंय. हो, जमतं. मला बोलायचंय ते पुढच्या प्रश्नावर: जमतं, तर मग अडतं कुठे?

सुरुवात १९७६ पासून करू. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने डोंगरावरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. तिचं नाव ‘रीपॅक’. का? तर या सायकलींना पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असायचा. उतारावर तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली पोचल्यावर ते परत भरावं लागायचं. म्हणून रीपॅक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलोराडोतल्या क्रेस्टेड ब्यूट गावची मंडळी तसल्याच सायकलींवरून ३,८०० मीटरपेक्षा उंच पर्ल पास ओलांडून अ‍ॅस्पेनला गेली. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली, आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली.

म्हणजे बघा, माउंटन बाइक हीच मुळात एक जुगाड आहे. जी सायकल मिळाली ती जमत नव्हती, म्हणून लोकांनी ती बदलली. पुढे ज्यांना पायाने पॅडल मारणं शक्य नव्हतं, त्यांनीही नेमकं तेच केलं.

रस्त्यावरची हॅन्डसायकल असते ना, तिला हाताने क्रँक फिरवायचा आणि त्याच हातांनी वळवायचं. बहुतेकींमध्ये जोर पुढच्या चाकाला मिळतो. खड्या चढावर वजन मागे जातं, पुढचं चाक मातीत नुसतं फिरत राहतं आणि सायकल जागेवर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माइक ऑग्सपर्गर या टायटॅनियमच्या फ्रेम बनवणाऱ्या कारागिराने यावर वेगळी रचना काढली. चालवणारा गुडघ्यांवर पुढे झुकून बसतो, हात फक्त क्रँक फिरवतात, आणि छातीखालच्या गादीने तो सायकल वळवतो. पुढे दोन चाकं, मागे एक, जोर मागच्या चाकाला, आणि गिअर अगदी हलके.

मग इतरही आले. जेक ओ’कॉनर स्वतः व्हीलचेअर वापरतो. तो डोंगरातल्या हॅन्डसायकली बनवतो, आणि कुठे? त्याच क्रेस्टेड ब्यूटमध्ये! कॅनडात कॅलगरीच्या क्रिश्चन बॅगला १९९६ मध्ये स्नोबोर्डिंग करताना मणक्याची इजा झाली. त्याने अशी तीनचाकी बनवली की पुढची दोन चाकं जमिनीप्रमाणे वरखाली होतात आणि चालवणारा सरळ राहतो. आडव्या उतारावर कलंडायची भीती त्यामुळे बरीच कमी झाली.

इथपर्यंतची गोष्ट यंत्रांची. पण यंत्र तयार झालं म्हणून वाट मोकळी झाली का?

दोन चाकांच्या सायकलला वीतभर रुंद रेघ पुरते. तीनचाकीला जवळजवळ मीटरभर जागा लागते. आता कल्पना करा: पाच किलोमीटर आत गेल्यावर ओढ्यावर अरुंद फळ्यांचा पूल आला. दोन चाकांवाला उतरतो, सायकल खांद्यावर घेतो, पलीकडे जातो. तीनचाकीवाल्याला उतरता येत नाही. अरुंद वाटेवर मागे वळवायलाही जागा नाही. मोटर असेल तर बॅटरी उतरतेय. कुणीतरी मदतीला येईपर्यंत तो तिथेच.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे फॉर्मवरच्या एका बटणाला नाव द्यायचं राहिलं, की स्क्रीन रीडर वापरणारा तिथेच अडकतो. बाकीची पन्नास पानं नीट असून उपयोग शून्य. ट्रेलचंही तसंच. सगळी वाट तिच्या सगळ्यात अरुंद जागेइतकीच रुंद.

आणि गंमत म्हणजे ट्रेलच्या पाटीवर हे कुठेच लिहिलेलं नसायचं. हिरवा म्हणजे सोपा, निळा मध्यम, काळा अवघड, ही सगळी प्रतवारी दोन चाकांसाठी. एखादा काळा ट्रेल रुंद असेल तर तीनचाकीवर मस्त जमतो, आणि हिरव्या ट्रेलवर एकच अरुंद पूल असेल तर खेळ संपला. अवघडपणा आणि पोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच रकान्यात कोंबल्या होत्या. कॅनडातल्या कूटनी अडॅप्टिव्ह स्पोर्ट असोसिएशनसारख्या संस्थांनी त्या वेगळ्या केल्या. वाटेची रुंदी, आडवा उतार, वळणाला लागणारी जागा, पूल हे सगळं पाहून दिव्यांग रायडरसाठी ट्रेल कसा असावा, याचे निकष त्यांनी लिहून काढले. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं अवजार टायटॅनियमची फ्रेम नाही, मोजपट्टी आहे. कारण उपाय बरेचदा दोन जास्तीच्या फळ्यांचा असतो.

मोटरचा वाद कायद्यातही गेला. ‘मोटर असलेलं काहीही ट्रेलवर नको’ हा नियम अनेक ठिकाणी होता. अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली २०१० मध्ये नवे नियम आले आणि १५ मार्च २०११ पासून लागू झाले. चालण्यातल्या अपंगत्वामुळे कुणी मोटरवर चालणारं साधन वापरत असेल, तर राज्य आणि स्थानिक संस्थांना त्याला सरसकट ‘नाही’ म्हणता येत नाही. सुरक्षिततेचं खरं कारण दाखवावं लागतं. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी रायडरकडून व्यवस्थेकडे आली.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या दिव्यांशु गणात्रांची दृष्टी तरुणपणीच काचबिंदूने गेली. २०१६ मध्ये त्यांनी टँडेम सायकलवर मनाली ते खारदुंगला हा प्रवास केला. टँडेमवर पुढचा बघतो आणि वळवतो, पॅडल दोघंही मारतात. इथे अडसर पुलाचा नाही, जोडीदाराचा आहे: दुसरी सीट द्यायला कोण तयार आहे? त्यांच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स’ संस्थेचं काम हेच, दिव्यांग आणि इतर लोकांना साहसी खेळांत एकत्र आणणं.

अशा बातम्यांना आपण मथळा देतो, ‘जिद्दीला सलाम’. सलामाला हरकत नाही. पण सगळं श्रेय जिद्दीला दिलं की सगळा भारही त्या एकट्या माणसावर पडतो, आणि पूल किती रुंद आहे हे कुणी विचारतच नाही. तुमचा सायकल ग्रुप सह्याद्रीतल्या एखाद्या वाटेवर जात असेल, तर पुढच्या वेळी टेप घेऊन जा. सगळ्यात अरुंद जागा किती सेंटिमीटर आहे ते मोजा आणि नकाशात लिहून ठेवा. ज्याला यायचंय तो मग स्वतः ठरवेल.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.