पेटीची पिशवी झाली तेव्हा

मार्च १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियातल्या बालाक्लावा बंदरात उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर पाच कॅमेरे, काचेच्या ७०० प्लेट्स आणि ३६ मोठ्या पेट्या होत्या. शिवाय एक घोडागाडी होती. ही गाडी पूर्वी इंग्लंडमधल्या एका दारूच्या व्यापाऱ्याची. फेंटननं ती विकत घेतली, तिच्या आत अंधारखोली बसवली आणि बाहेर मोठ्या अक्षरांत ‘फोटोग्राफिक व्हॅन’ असं रंगवून घेतलं. युद्धभूमीचे फोटो काढायला निघालेल्या माणसाचं सामान वाहायला घोडे लागत होते.

आज तेच काम करायला निघालेला माणूस खांद्यावर एक बॅग अडकवतो आणि रिकाम्या हातांनी चालू लागतो. या दोन टोकांमध्ये दीडशेहून अधिक वर्षांची वाटचाल आहे. कॅमेरे लहान होत गेले म्हणून बॅगही लहान झाली, असं सरळ उत्तर कुणीही देईल. पण ते पुरेसं नाही. खांद्यावरच्या कॅमेरा-बॅगेला तिचं आजचं रूप आलं ते कॅमेरा जपण्याच्या काळजीतून कमी आणि तो वेळेवर हाताशी यावा या घाईतून जास्त.

फेंटनच्या पसाऱ्याचं मूळ होतं ओल्या प्लेटमध्ये. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ मध्ये कलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत ती धुऊन काढायची. हे सगळं काही मिनिटांत. म्हणजे कॅमेरा जिथे जाईल तिथे अंधारखोली, रसायनं आणि पाणी जायलाच हवं. १८६३ मध्ये सॅम्युएल बोर्न सिमल्याहून सतलजच्या खोऱ्यात गेला तो याच कारणानं तीसेक हमाल बरोबर घेऊन. मुंबईत तर १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. नारायण दाजी तिच्यात काम करत होते. त्यांच्या काळात शहराबाहेर जाऊन फोटो काढायचा म्हणजे हाच सरंजाम हलवावा लागे. कॅमेऱ्यासाठी पिशवी ही कल्पनाच तेव्हा कुणाला सुचण्यासारखी नव्हती.

ती सुचण्याची वाट मोकळी केली कोरड्या प्लेटनं. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरनं १८७१ मध्ये जिलेटिनच्या प्लेटची पद्धत मांडली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा तयार प्लेट्स दुकानात मिळू लागल्या आणि अंधारखोली घरी राहिली. मग १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली, आणि सोबत पट्टा असलेलं चामडी कव्हर. फिल्म संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. ते चामडी कव्हर आजच्या बॅगेचा पहिला ठळक पूर्वज मानायला हरकत नाही. कॅमेरा घेऊन जायची सोय कॅमेऱ्याबरोबरच विकली जाऊ लागली. मात्र त्या कव्हरात एकच वस्तू मावत होती, आणि हौशी माणसाला तेवढं पुरेसं होतं.

१९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका आला तेव्हाही रीत तीच राहिली. ऑस्कर बार्नाक वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात काम करायचा. त्याला दमा होता आणि प्लेटचा जड कॅमेरा घेऊन हिंडणं झेपत नव्हतं. त्यानं सिनेमाची ३५ मि.मी. फिल्म वापरून कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. त्यासाठी अंगाला घट्ट बसणारं चामडी कव्हर मिळे. पण १९३० पासून लायकाची लेन्स काढून दुसरी लावता येऊ लागली, आणि एका कॅमेऱ्याच्या मापाच्या कव्हराचे दिवस तिथेच भरले. दुसरी लेन्स कुठे ठेवायची? फिल्मचे रोल कुठे?

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा भार वेगळाच होता. त्यांच्या हातात बहुधा स्पीड ग्राफिक असे. त्याच्या प्रत्येक होल्डरमध्ये दोनच फिल्म बसत, एक पुढून आणि एक मागून. दहा-बारा होल्डर, काचेचे फ्लॅशबल्ब, फ्लॅशचा दांडा, बॅटऱ्या असं सगळं टणक चौकोनी पेटीत घालून ते निघत. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत साडी नेसून, सायकलवर आपलं सामान घेऊन कामावर जात. रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक हे त्यांचे कॅमेरे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या दिल्लीचे त्यांचे फोटो आपण आदरानं बघतो. ते सामान रोज सायकलवरून वाहून नेणारी कष्टाळू बाई त्या फोटोंत दिसत नाही, पण प्रत्येक फोटोमागे ती आहे.

१९५९ मध्ये निकॉन एफ आला. एकाच कॅमेऱ्याला लागणाऱ्या कितीतरी लेन्स, बदलता येणारे व्ह्यूफाइंडर, फिल्म आपोआप पुढे ओढणारी मोटर हे सारं त्याच्याबरोबर उपलब्ध होत गेलं. वृत्तछायाचित्रकार आता दोन किंवा तीन बॉडी बाळगू लागला. एकीवर वाइड, दुसरीवर टेली, म्हणजे लेन्स बदलण्यात क्षण निसटायला नको. कॅमेरा लहान झाला होता, पण सामान पुन्हा वाढलं. ते ठेवायला बाजारात होत्या फोम भरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि कडक चामडी बॉक्स. पेटी जमिनीवर ठेवावी लागते, वाकून उघडावी लागते, उघडल्यावर दोन्ही हात तिच्यात गुंततात. मोर्चात, दंगलीत, फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला जमिनीवर काही ठेवणं शक्यच नसतं. म्हणून कित्येकांनी सैन्याच्या जुन्या मालातून आलेल्या गॅस-मास्कच्या कापडी पिशव्या खांद्याला लावल्या.

ही अडचण मुळातून सोडवली एका काम करणाऱ्या छायाचित्रकारानंच. जिम डॉमकी हे फिलाडेल्फिया इन्क्वायरर दैनिकात नोकरीला होते. १९७५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या गरजेनुसार एक पिशवी आखली. तीच पुढे एफ-२ म्हणून जगभर पोचली. ती जाड सुती कॅनव्हासची आहे. तिच्या बाजूंना जाड अस्तर नाही, त्यामुळे ती फुगत नाही आणि कमरेला बिलगून राहते. पट्टा कडेला टाचून सोडलेला नाही. तो बॅगेच्या तळाखालून पूर्ण फिरवून शिवलेला आहे, म्हणजे सगळं वजन पट्टा पेलतो, शिवण नव्हे. पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असतात, म्हणून तो खांद्यावरून घसरत नाही. झाकणाला धातूचे हूक, आत चार कप्प्यांचा सुटा भाग, पुढे दोन खिसे, दोन्ही टोकांना एकेक. या रचनेत एक धाडस आहे. डॉमकींनी संरक्षणाचा काही भाग जाणूनबुजून सोडून दिला. बॅग सतत माणसाच्या अंगावरच असणार, तिला आपटण्यापासून वाचवायला तो माणूस आहे, हा त्यामागचा भरवसा. मला हा निर्णय या सगळ्या कुळातला सर्वांत मोलाचा वाटतो.

साधारण त्याच काळात अटलांटिकपलीकडे दुसरी शाखा फुटली. मार्टिन बिलिंगहॅम यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये मासेमारीच्या पिशव्या शिवण्याचा धंदा सुरू केला. १९७८ मध्ये त्यांच्या ध्यानात आलं की न्यूयॉर्कला जाणाऱ्या पिशव्या गळ टाकणाऱ्यांपेक्षा छायाचित्रकारच घेत आहेत. मग त्यांनी खास कॅमेऱ्यासाठी बॅगा काढल्या. हे घडलं यात नवल नाही. ट्राउट पकडणारा माणूस गुडघाभर पाण्यात उभा असतो. पिशवी खाली ठेवायची सोय नाही, एका हातात गळाची काठी, आणि दुसऱ्या हातानं न बघता लहानशी डबी शोधायची. वरून पाऊस आत जाता कामा नये. आतला ओला भाग काढून धुता यायला हवा. या यादीत माशाच्या जागी लेन्स घाला, काहीच बदलावं लागत नाही.

बिलिंगहॅमच्या कापडाचं कुळ तर आणखी मागे जातं. कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर दाबून बसवायची युक्ती ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ मध्ये पेटंट केली. त्यातूनच मॅकिंटॉश रेनकोट आला. ते पहिलं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई. १८४० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गंधक मिसळून रबर तापवण्याची पद्धत पक्की केली, तेव्हा ते टिकाऊ झालं. आज बिलिंगहॅमच्या कॅनव्हासमध्ये मधला थर ब्यूटिल रबराचा असतो, पण तत्त्व मॅकिंटॉशचंच.

तिसरी शाखा गिर्यारोहकांची. कोलोरॅडोतल्या ग्रेग लो यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मऊ कॅमेरा-बॅग तयार केली, तिच्यातून लोप्रो हे नाव पुढे आलं. या शाखेनं नायलॉन आणि फोम आणला. बॅगेच्या आतल्या भिंती हव्या तशा हलवता येतात ते मात्र वेल्क्रोमुळे. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरनं कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांची बारीक आकडी ओळखली आणि १९५५ मध्ये पेटंट मिळवलं. वेल्क्रोमुळे एकच बॅग आज लग्नासाठी आणि उद्या पक्ष्यांसाठी लावता येऊ लागली. त्याचा तोटा म्हणजे आवाज. कीर्तनात किंवा नाटकाच्या प्रयोगात झाकणाचा वेल्क्रो उचकटला की सगळे वळून बघतात. म्हणून झाकणाला हूक किंवा बक्कल असलेली बॅग आजही अनेकांना प्रिय आहे.

हे कुळ माहीत असलं की बॅग निवडणं आणि भरणं दोन्ही सोपं होतं. आषाढीच्या वारीत पालखीबरोबर चालणाऱ्या छायाचित्रकाराचं उदाहरण घेऊ. गर्दीत पाठीवरची सॅक उतरवायला जागा नसते, आणि रिंगणात अश्व एकदा धावू लागला की कुणासाठी थांबत नाही. इथे खांद्यावरची बॅग लागते, आणि तीही आडवी, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेवर, म्हणजे धक्काबुक्कीत घसरणार नाही आणि पुढे ओढून घेता येईल. कॅमेरा मधल्या कप्प्यात, लेन्स लावलेलाच, लेन्सचं तोंड खाली, मूठ वर. हात आत घातला की मूठच हाताला लागली पाहिजे. त्याच्या एका बाजूला दुसरी लेन्स, मागचं झाकण अर्धवट फिरवून सैल ठेवलेली. दुसऱ्या बाजूचा एक कप्पा मोकळा. ही मोकळी जागा पुष्कळांना उधळपट्टी वाटते, पण लेन्स बदलताना काढलेली लेन्स ठेवायला तीच लागते. कोऱ्या मेमरी कार्डांचा खिसा एका टोकाला, भरलेल्यांचा दुसऱ्या टोकाला. बॅटऱ्यांचंही तसंच. या जागा ठरल्या की कधी बदलायच्या नाहीत, कारण बोटांना सवय झाली की डोळे व्ह्यूफाइंडरवर राहू शकतात.

वजनाचा हिशोब मात्र कठोरपणे करावा. २४-७० मि.मी. एफ/२.८ लेन्स साधारण ८०० ग्रॅमची, ७०-२०० एफ/२.८ दीड किलोच्या आसपास. दोन बॉडी धरल्या की चार किलो सहज होतात, आणि ते सगळे एकाच खांद्यावर. नुसती बॅगच दोन किलोची घेतली तर संध्याकाळी खांदा बोलू लागतो. खांदा दुखणारा माणूस खाली बसून फोटो घ्यायचं टाळतो, आणखी दहा पावलं पुढे जायचं टाळतो. जे नेलं नाही त्यापेक्षा जे उगाच नेलं त्यानं जास्त फोटो हुकतात, असं माझं ठाम मत आहे. विमानानं जाताना तर भारतात बहुतेक देशांतर्गत प्रवासात हाताशी सात किलोच नेता येतात, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. तेव्हा भरलेली बॅग आधी घरच्या काट्यावर ठेवून बघावी.

पावसाळ्यात एक नियम पाळलाच पाहिजे, कोकणात तर हमखास. बॅग ही न्यायची वस्तू आहे, साठवायची नाही. भिजलेला कॅनव्हास आणि जाड फोम ओल धरून ठेवतात, आणि अशा बंद दमट अंधारात लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. घरी आल्यावर सामान बाहेर काढावं, बॅग उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावी, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवाव्यात. रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे रंग पालटू लागले की गरम करून पुन्हा कोरडे करता येतात.

नवी बॅग घ्यायची झाली तर आपलं सगळं सामान दुकानात घेऊन जावं. मुंबईत बोरा बाजारच्या गल्ल्यांमध्ये तेवढी मोकळीक मिळते. सामान भरून बॅग खांद्याला लावावी आणि उभ्यानंच, काहीही खाली न ठेवता, न बघता एकदा लेन्स बदलून पाहावी. कापड कुठलं, नाव कुणाचं, खिसे किती, हे सगळं त्यानंतर. फेंटनच्या गाडीपासून डॉमकीच्या कॅनव्हासपर्यंत प्रत्येकानं आपापल्या परीनं याच प्रश्नाशी झुंज दिली होती. जी बॅग या परीक्षेत उतरते ती घ्यावी, आणि जी उतरत नाही ती कितीही देखणी असली तरी फळीवर परत ठेवावी.