‘परस्परव्यापी सहमती’विषयी तळटीप

* लेखकाने येथे उदारमतवादाला ‘एकमताचे तत्त्वज्ञान’ म्हटले आहे. ते सरसकट मान्य करता येत नाही. जॉन रॉल्स यांनी ‘पोलिटिकल लिबरॅलिझम’ (१९९३) या ग्रंथात मांडलेली परस्परव्यापी सहमती लेखकापुढे असावी. पण रॉल्स आरंभ करतात तो मतभेदापासून. संस्था मुक्त असल्या की विचारी माणसेही धर्म, नीती आणि जीवनाचे प्रयोजन यांबद्दल वेगवेगळ्या निष्कर्षांना पोचणारच, आणि ही स्थिती कायमची आहे. सहमती हवी ती राज्यघटनेची मूलतत्त्वे आणि मूलभूत न्याय एवढ्यापुरती. तीही कॅथलिक, प्रॉटेस्टंट, निरीश्वरवादी अशा प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेत सापडणाऱ्या कारणांसाठी स्वीकारलेली. सोळाव्या शतकातल्या युरोपात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांना सहन करीत ते केवळ नाइलाजाने. बळ वाढले की तह मोडायला मोकळे. असल्या तहाला रॉल्स सहमती मानत नाहीत, आणि त्यांच्या विवेचनातला हा सर्वांत मोलाचा भेद आहे. मतभेदाचे मोल उदारमतवादी परंपरेत आधीपासूनच आहे: तत्त्वज्ञ मिलने तर ‘ऑन लिबर्टी’त (१८५९) विरोध नसेल तर खरे मतही निर्जीव होते, असे बजावले होते.

राजकीय विचारवंत शांताल मूफ यांचा रॉल्स यांच्यावरचा आक्षेप मात्र गंभीर आहे: सहमतीत घेण्याजोगे ‘वाजवी’ कोण हे ठरवणे हीच सत्तेची कृती होय. त्यांना संघर्ष हवा, पण शत्रूंमधला नव्हे, प्रतिस्पर्ध्यांमधला. आणि त्या प्रतिस्पर्ध्यांनी स्वातंत्र्य व समता मानलेली असावी, ही त्यांची अट आहे. म्हणजे थोडी सहमती त्यांनाही लागतेच. पुढचे प्रकरण वाचकांनी हे ध्यानात ठेवून वाचावे. — संपादक