किल्ली बसते, पण गाडी का सुरू होत नाही?

मंडळी, आपल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात येतं ते ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. मुबारिझखानाच्या पाठीशी दिल्लीचा बादशहा होता, तरी तो इथे निजामाकडून मारला गेला. सनद हातात आली म्हणजे दार उघडतंच असं नाही. आजचा विषय किल्लीचा आहे, पण मुद्दा तोच.

१८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. त्या काळी किल्लीचं गुपित धातूच्या दात्यांत होतं. कानस चालवणारा कारागीर ते उतरवून देई.

गाडीच्या बाबतीत हे बदललं. १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत एक विद्युतरोधक बसवला गेला. पण त्याची मूल्यं फक्त १५! चोर एकेक करून सगळी तपासू शकत होता. मग नव्वदीच्या दशकात चिप आली. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतालची कॉइल तिला शक्ती देते, चिप आपली ओळख सांगते, आणि ती पटली तरच इंजिन चालू राहतं. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला.

याने चोर अडला, पण सामान्य मालकही अडला. बाजारातून घासून आणलेली साधी चावी दार उघडते, इंजिन मात्र सुरू होत नाही. कारण खरी किल्ली आता गाडीच्या संगणकातल्या नोंदीत आहे, आणि ती नोंद कोणी करायची हा खरा प्रश्न आहे. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसएच्या संशोधकांनी एका चिपचं ४० बिटचं गुपित फोडून दाखवलं. म्हणजे कुलूप अभेद्य नाही. महाग मात्र आहे.

मग स्वस्तात काय करता येतं? जुन्या, कायम एकच आकडा सांगणाऱ्या चिपची नक्कल जाणकार चावीवाला करून देतो. काही गाड्यांत दोन चालू किल्ल्या असतील, तर तिसरी मालक स्वतःच नोंदवू शकतो. नुसती दारापुरती साधी चावी हवी असेल, तर ती सर्वांत स्वस्त. किल्ली आत राहिली तर तेवढी पुरते.

पण हे सगळं एक किल्ली हातात असतानाच करा. शेवटची हरवली की खर्च कितीतरी वाढतो. आणि किल्ली करून देणाऱ्याने मालकीचे कागद मागितले तर रागावू नका. ती मागणी तुमच्याच गाडीच्या राखणीची आहे.