अधारतालच्या गच्चीवरचा अँटेना कुठे गेला?

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या दोन दशकांत असंख्य घरांनी एक साधा व्यवहार केला. उपग्रह वाहिन्यांचे मासिक शुल्क बंद केले, छपरावर पूर्वीसारखा अँटेना चढवला आणि त्याला घरगुती मुद्रणयंत्र जोडले. वाहिन्या फुकट मिळू लागल्या. रात्री नऊचा कार्यक्रम सकाळी सात वाजता पाहता येऊ लागला आणि आवडला तर कायमचा जपून ठेवता येऊ लागला. हाच व्यवहार जबलपूरच्या अधारताल भागात करायचा ठरवला तर काय होईल? अँटेना बाजारात मिळेल आणि मुद्रणयंत्रही मिळेल. मात्र अँटेनाने पकडावी अशी लहर त्या आकाशात उरलेली नाही. ती का उरली नाही, हा भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातला एक दुर्लक्षित प्रश्न आहे. मोबाइलवर थेट प्रक्षेपण करण्याच्या तंत्राच्या, म्हणजे ‘डी-टू-एम’च्या, बातम्या येत असताना तो पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे.

अधारताल हा जबलपूरचा उत्तरेकडचा भाग. राणी दुर्गावतीच्या आधारसिंह नावाच्या मंत्र्यावरून तिथल्या तलावाला आणि वस्तीला नाव पडले, असे परंपरा सांगते. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ याच भागात आहे. भारतात दूरचित्रवाणीचा पहिला गंभीर उपयोग शेतीसाठीच झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, पण त्याला प्रयोजन मिळाले २६ जानेवारी १९६७ रोजी. त्या दिवशी विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. गावाचा एक सामूहिक संच, त्याच्यासमोर बसलेले शेतकरी आणि छपरावर अँटेना, असे तेव्हाचे दृश्य होते.

तो अँटेना माशाच्या काट्यासारखा दिसे. एका दांड्यावर आडव्या नळ्या, एका टोकाला लांब आणि दुसऱ्या टोकाकडे क्रमाने आखूड होत गेलेल्या. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६च्या सुमारास ही रचना मांडली. तारेची जोडणी फक्त एका नळीला असते. मागची लांब नळी लहर परावर्तित करते आणि पुढच्या आखूड नळ्या तिला वाट दाखवतात. जोडलेल्या नळीची लांबी तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवावी लागते. आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी सुरुवातीला जो खालचा पट्टा वापरला, त्यातल्या ६२ मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी ४.८ मीटर भरते, म्हणून नळी सव्वादोन-अडीच मीटरची. जुन्या अँटेनांवर कावळ्यांची रांग बसू शके, त्यामागे हे भौतिकशास्त्र होते. १९४२ साली सिंगापूर जिंकल्यावर जपानी अधिकाऱ्यांना ब्रिटिश रडारच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द आढळला आणि त्याचा अर्थ त्यांना एका युद्धकैद्याला विचारावा लागला, ही कथा प्रसिद्धच आहे. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, प्रोफेसर उदा यांनी पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम केले होते.

अशा अँटेनाची मर्यादा पृथ्वीच्या गोलाईत आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. प्रक्षेपण-मनोरा १०० मीटर आणि घरावरचा अँटेना १० मीटर उंच धरला, तर रेडिओ-क्षितिज सुमारे ५४ किलोमीटरवर येते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा: दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळे मिळवावीत आणि बेरजेला ४.१२ने गुणावे. भारताएवढा देश अशा वर्तुळांनी झाकायचा तर शेकडो मनोरे हवेत, आणि साठ-सत्तरच्या दशकांत तेवढा पैसा नव्हता.

म्हणूनच आपल्याकडे एक उलटे पाऊल आधी पडले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत, ८६० मेगाहर्ट्झवर, तीन मीटर व्यासाच्या जाळीच्या डिशमधून कार्यक्रम थेट उतरू लागले. ती जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्याच जातीची होती. मध्य प्रदेशातली गावे तेव्हा रायपूरच्या बाजूची निवडली गेली. घरगुती उपग्रह दूरचित्रवाणी हा श्रीमंत देशांत चैनीचा शोध मानला जाण्यापूर्वीच छत्तीसगडच्या खेड्यांत ती शिक्षणासाठी वापरून झाली होती.

उपग्रह आणि अँटेना हे पाश्चात्त्य देशांत प्रतिस्पर्धी ठरले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मात्र ते भागीदार होते, आणि हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावर जाई, तिथून गावोगावच्या लघुशक्ती प्रक्षेपकांवर उतरे आणि शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर अँटेनाच्या भरवशावर घरात येई. प्रक्षेपक अवघ्या १०० वॉटचा असे. १९८४च्या काही महिन्यांत देशात रोज सरासरी एक प्रक्षेपक उभा राहिला. १९८५ साली संचाच्या परवान्याची अटही गेली. एकदा नळ्या चढवल्या की दर्शक कोणाचे देणे लागत नसे.

घरगुती मुद्रण याच खुल्या लहरीवर वाढले. बीटामॅक्स १९७५चे, व्हीएचएस १९७६चे. या यंत्रांत टीव्हीत असतो तसाच लहर निवडणारा भाग होता, त्यामुळे छपरावरून आलेली तार टीव्हीआधी यंत्रातून नेली की काम भागे. हॉलिवूडच्या कंपन्यांनी यावर दावा लावला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा प्रताधिकाराचा भंग नव्हे. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर ते यंत्रच बेकायदा ठरू शकले असते. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यातही खासगी वापरासाठी उचित उपयोगाची मुभा आहे. आपल्याकडे व्हीसीआर मुख्यतः भाड्याच्या चित्रपटांसाठी वापरला गेला, हे कबूल. पण रिकामी कॅसेट घालून कळ दाबण्याची सोय प्रत्येक यंत्रात होती. तिचे मोल फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांच्यामुळे कळते. त्यांनी १९७९पासून २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत घरी बसून बातम्या मुद्रित केल्या. सुमारे ७० हजार फिती त्यांनी मागे ठेवल्या. वाहिन्यांनी स्वतः जे जपले नाही त्यातले बरेच त्या फितींत आहे.

जबलपूरपुरते पाहिले तर ही व्यवस्था तीन टप्प्यांत मोडली.

पहिला टप्पा केबलचा. नव्वदच्या दशकात मोठ्या डिशवर उतरवलेल्या वाहिन्या केबलवाला खुल्या स्वरूपात घरोघरी पोचवी. २०११च्या कायदेदुरुस्तीनंतर केबल डिजिटल करण्याचे ठरले. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत भोपाळ, इंदूर आणि जबलपूर होते आणि मुदत ३१ मार्च २०१३ची. त्यानंतर लहर कूटबद्ध झाली. ती उलगडणारी किल्ली सेट-टॉप बॉक्समध्ये, आणि किल्ली चालू-बंद करण्याचा अधिकार पुरवठादाराकडे. थेट घरी येणाऱ्या डीटीएच सेवेतही तेच. मुद्रण करणारे बॉक्स २००८च्या सुमारास आले खरे. पण मुद्रित कार्यक्रम त्या बॉक्सबाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर चालवता येत नसे. व्हीएचएसची फीत शेजाऱ्याच्या यंत्रातही चालत असे.

दुसरा टप्पा २०१६चा. फेब्रुवारीत दूरदर्शनने १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे डिजिटल भूप्रक्षेपण जाहीर केले. एका जुन्या वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या आणि तेही स्वच्छ चित्रासह, असे हे तंत्र. ब्रिटनमधल्या अँटेनाचे पुनरुज्जीवन अशाच डिजिटल भूप्रक्षेपणामुळे झाले. यादीत भोपाळ, इंदूर आणि रायपूर होते. जबलपूर नव्हते. भोपाळ सरळ रेषेत सुमारे २६० किलोमीटर दूर आणि रायपूर त्याहून थोडे अधिक. वर काढलेले ५४ किलोमीटरचे क्षितिज आठवावे, म्हणजे अधारतालच्या गच्चीवर कितीही उंच काठी उभारली तरी उपयोग का नाही, हे स्पष्ट होईल.

तिसरा टप्पा शांतपणे उरकला. प्रसार भारतीने सुमारे ५० मोक्याच्या ठिकाणांखेरीज सर्व जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२पर्यंत बंद करण्याचे ठरवले. माझ्या मते ते बंद करण्यात काही चूक नव्हते. ते तंत्र कालबाह्य झाले होते, दर्शक उरले नव्हते आणि तो वर्णपट मोलाचा होता. चूक आधीच झाली होती. बहुतेकांच्या संचांत नव्या लहरीचा ग्राहक नव्हता म्हणून प्रक्षेपण वाढले नाही, आणि प्रक्षेपण नाही म्हणून कोणी ग्राहक मागितला नाही. ब्रिटन-अमेरिकेत हे चक्र सरकारने मुदत घालून तोडले. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी जुनी लहर थांबली तेव्हा नवी आधीच चालू होती.

मग अधारतालमध्ये मासिक शुल्काशिवाय टीव्ही नाहीच का? आहे, आणि तो पुन्हा उपग्रहावरूनच येतो. डिसेंबर २००४मध्ये ३३ वाहिन्यांनिशी सुरू झालेली दूरदर्शनची डीटीएच सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की पुढे काही द्यावे लागत नाही. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जबलपूरहून तो दक्षिणेपासून सुमारे ३१ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर दिसतो. शंका असेल तर शेजारच्या डिशची दिशा होकायंत्राने तपासावी. उंची मात्र नुसत्या डोळ्यांनी चुकेल, कारण बहुतेक डिशचा ग्राहक मध्याच्या खाली बसवलेला असतो. पेन-ड्राइव्ह लावून खुल्या वाहिन्या मुद्रित करण्याची सोयही बाजारातल्या अनेक बॉक्समध्ये असते. पश्चिमेत अँटेनाने केलेले काम इथे डिशने केले.

अँटेनाबद्दल हळवे होण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. जबलपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. त्या घरांच्या अँटेनाला मुंबई केंद्राचा मराठी कार्यक्रम कधीच पकडता आला नसता. मनोऱ्याचे वर्तुळ भाषा ओळखत नाही. सह्याद्री वाहिनी त्यांच्यापर्यंत पोचली ती उपग्रहामुळेच. राज्याबाहेरच्या भाषकांना उपग्रहाने जे दिले ते भूप्रक्षेपण देऊ शकत नव्हते.

आता ‘डी-टू-एम’. आयआयटी कानपूर आणि बंगळुरूची सांख्य लॅब्स यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत इंटरनेटविना, ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मनोऱ्यावरून थेट फोनवर चित्र पाठवायचे आहे. एकाने पाहिले काय किंवा लाखाने, मनोऱ्यावरचा भार तोच. २२ मे १९९७च्या पहाटेचा भूकंप अनुभवलेल्या जबलपूरला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. संकटात दूरध्वनीचे जाळे गर्दीने कोलमडते, प्रक्षेपण कोलमडत नाही. अडचणीही आहेत. या पट्ट्याची तरंगलांबी अर्ध्या मीटरहून अधिक, फोन वीतभर, आणि त्यात वेगळी चिप हवी. ती नसेल तर २०१६चेच चक्र पुन्हा फिरेल.

दुसरा मुद्दा बातम्यांत येत नाही. ही पद्धत अमेरिकेच्या एटीएससी ३.० मानकावर उभी आहे. त्या मानकात प्रक्षेपण कूटबद्ध करण्याची सोय आहे आणि २०२३पासून तिथल्या काही केंद्रांनी ती वापरली. परिणामी अँटेनाला जोडलेली काही घरगुती मुद्रणयंत्रे, लहर फुकट असूनही, ते कार्यक्रम उलगडू शकेनात. १९८४ साली न्यायालयात टिकलेली मुभा अशा रीतीने तांत्रिक तपशिलातून निसटू शकते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले आहे. जबलपूरला यावेळी मनोरा मिळेल का, आणि मिळाल्यास त्यावरून येणारा कार्यक्रम घरात मुद्रित करून दुसऱ्या यंत्रावर चालवता येईल का, हे भारतीय मानक लिहिताना ठरेल.