कण्यांतील गांठ आणि एक मणका वर

ज्या रोगाचें निदान बहुधा मृत्यूनंतरच निश्चित व्हावें, त्यावर वैद्यानें उपाय तो काय करावा? पाठीच्या कण्यांत वाढणाऱ्या गांठींविषयीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतही अशीच स्थिति होती. मज्जारज्जु हाडांच्या नळींत बंदिस्त असतो. तेथें गांठ उद्भवली म्हणजे तिला बाहेर पसरावयास वाव नसतो, म्हणून ती रज्जूलाच दाबूं लागते. प्रथम वेदना, मग पायांचा लुळेपणा, मलमूत्रावरील ताबा जाणें आणि अखेर मृत्यु, हा क्रम वैद्यांस ठाऊक होता. पण तो थांबविण्याचा मार्ग कोणासही दिसत नव्हता. १८४६ सालीं ईथरच्या गुंगीनें शस्त्रक्रियेची वेदना दूर केली, १८६७ सालीं लिस्टरनें जखम निर्जंतुक राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तरी प्रश्न उरलाच. डोळ्यांस न दिसणाऱ्या गांठीची जागा सांगावी कशी?

या प्रश्नाचें उत्तर १८८७ सालीं लंडनमध्यें मिळालें. एका बेचाळीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखालीं तीन वर्षें असह्य वेदना होत होत्या. अनेक वैद्य झाले, पण मूळ कारण हातीं लागेना. शेवटीं दोन्ही पाय गेले, छातीखालील स्पर्शज्ञान गेलें. विल्यम गावर्स यांनीं लक्षणांचा क्रम लावून पाहिला आणि रज्जूवर गांठीचा दाब आहे असें अनुमान केलें. तें अनुमान त्यांनीं तीस वर्षांच्या व्हिक्टर हॉर्स्ली या शस्त्रवैद्याच्या हवालीं केलें.

९ जून रोजीं हॉर्स्ली यांनीं मणक्यांच्या पाठीमागील कमानी काढून रज्जु उघडा केला. गांठ नव्हती! क्ष-किरणांचा शोध अद्याप आठ वर्षें दूर होता. पुन्हा पाहण्यास बुद्धीखेरीज साधन नव्हतें. येथेंच थांबून जखम शिवली असती, तर कोणी दोष दिला नसता. परंतु साहाय्यक चार्लस बॅलन्स यांनीं आणखी वर पाहण्याचा आग्रह धरला. आणखी एक कमान काढतांच बदामाएवढी गांठ रज्जूच्या डाव्या बाजूस दिसली. ती काढली गेली. रोगी चालूं लागला, आणि पुढें कामावरही रुजू झाला. १८८८ सालीं दोघांनीं मिळून हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या प्रसंगाचें मर्म आम्हांस त्या एका कमानींत दिसतें. मज्जातंतूंचीं मुळें रज्जूपासून निघून नळींतून तिरपीं खालीं उतरतात आणि मग बाहेर पडतात. म्हणून वेदना जेथें जाणवते, त्याहून विकृति वर असते. अनुमान खरें होतें. शोध मात्र तोकडा पडत होता. अपुऱ्या शोधावरून खऱ्या अनुमानास खोटें ठरविण्याची घाई विद्येच्या प्रत्येक शाखेंत होते. पण येथें तिची किंमत एका माणसास प्राणानें मोजावी लागली असती.

त्या रोग्याच्या मणक्यांचा पुढील भाग मुळींच हलविला गेला नव्हता. म्हणून त्याचा कणा टिकला. जेथें गांठ मणक्याच्या मुख्य भागांतच मुरते, तेथें ती काढणें म्हणजे घराचा खांबच उपटणें होय. मग घर उभें कसें राहावें? १९११ सालीं न्यूयॉर्कमध्यें हिब्ज व आल्बी यांनीं, क्षयानें पोखरलेले मणके सांधण्याच्या दोन निरनिराळ्या रीती प्रसिद्ध केल्या. आल्बी यांनीं त्यासाठीं रोग्याच्याच नडगीचें हाड वापरलें. पुढें धातूचे स्क्रू व सळया आल्या. स्वीडनमधील बर्टिल स्टेनर यांनीं १९७१ सालीं, आणि पुढें जपानांतील कानाझावाच्या तोमिता यांनीं, संपूर्ण मणका काढून कणा पुन्हा उभारण्याच्या पद्धती मांडल्या. आज त्या पोकळींत धातूचा पिंजरा वा हाड बसवितात. तथापि कर्करोग अन्य ठिकाणांहून कण्यांत उतरला असेल, तर बहुधा वेदना कमी करणें आणि रोग्याचें चालणें टिकविणें, एवढेंच साध्य असतें. आणि तें थोडें नव्हे.

हॉर्स्ली १९१६ सालीं मेसोपोटेमियांतील अमारा येथें युद्धसेवेंत असतां निवर्तले. त्यांच्या कीर्तींत आपण गावर्स यांच्या तर्काचा आणि बॅलन्स यांच्या आग्रहाचा वाटा विसरतां कामा नये. एकानें न पाहतां ओळखलें, दुसऱ्यानें हात चालविला, तिसऱ्यानें तो हात थांबूं दिला नाहीं. या तिघांच्या मेळानेंच एक मनुष्य पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला.